लोकमान्यांचे वकील

घरांत समन्स आलें म्हणजे गृहस्थाला पहिली चिंता पडते ती वकील कोणता द्यावा याची. जवळचा, ओळखीचा, आपली भाषा जाणणारा द्यावा, कीं दूरचा, नांवाजलेला आणि मोठी फी घेणारा? प्रश्न अगदीं घरगुती आहे. पण बाळ गंगाधर टिळकांसारख्या पुरुषालाहि तो आयुष्यांत पुनःपुन्हा सोडवावा लागला, आणि दर वेळीं त्याचें उत्तर निराळें आलें.

टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर. १८७९ सालीं ते एल्एल्. बी. झाले आणि पुढें पुण्यांत त्यांनीं कायद्याचा वर्गहि चालविला. दुसऱ्यांस वकील करून सोडणाऱ्या या गृहस्थानें स्वतः मात्र वकिलीचा धंदा केला नाहीं. कोर्टाशीं त्यांचा संबंध आला तो बहुधा आरोपीच्या पिंजऱ्यांतूनच.

२२ जून १८९७ रोजीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, आणि २७ जुलैला टिळकांना मुंबईंत पकडण्यांत आलें. आरोप खुनाचा नव्हता, ‘केसरी’तील लिखाणाबद्दल राजद्रोहाचा होता. मॅजिस्ट्रेटनें जामीन नाकारला. हायकोर्टांत न्यायमूर्ति पार्सन्स व रानडे यांच्यापुढेंहि अर्ज टिकला नाहीं. खटला सेशन्सकडे गेल्यावर दिनशा दावर या पारशी बॅरिस्टरानें न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढें पुन्हा अर्ज केला. खटल्याच्या दिवशीं आरोपी हजर राहील कीं नाहीं, हाच जामिनाच्या वेळचा मुख्य प्रश्न, अशी दृष्टि तय्यबजींनीं धरली आणि ४ ऑगस्टला टिळकांना जामीन दिला. लेख मराठी आणि न्याय करणारे इंग्रज, अशा प्रसंगीं आपल्या शब्दांचा अर्थ आपण बाहेर राहून वकिलास समजावून सांगतां येणें ही केवढी सोय होती, हें सहज ध्यानांत येईल.

आतां खटला कोणी चालवावा? मुंबई हायकोर्टाची रचना त्या काळीं दुहेरी होती. मूळ शाखेंत पक्षकारानें सॉलिसिटराकडे जावें, सॉलिसिटरानें बॅरिस्टराकडे कागद द्यावेत, आणि कोर्टापुढें बोलावें तें बॅरिस्टरानें. नुसत्या वकिलीच्या सनदेवर तेथें कोणाला उभें राहतां येत नसे; पुण्याच्या एखाद्या वकिलाला लेखांतील प्रत्येक म्हणीचा मर्मार्थ ठाऊक असला तरी त्यानें मागें बसून टिपणें पुरवावीं, इतकाच त्याचा अधिकार. मुंबईंत मनाजोगा बॅरिस्टर मिळेना, तेव्हां कलकत्ता मदतीस धांवलें. बंगाल्यांत निधि जमला. त्या कामांत रवीन्द्रनाथ ठाकुरांचाहि हात होता. तिकडून प्यू आणि गार्थ असे दोन बॅरिस्टर आले. दोघेहि इंग्रज, मराठीशीं परके. मराठी पत्राच्या संपादकाचा बचाव करावयास बंगालच्या पैशानें इंग्रज यावेत, असा तो काळ होता.

न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं ज्यूरीला समजावून दिलें कीं, सरकारविषयीं ‘अप्रीति’ म्हणजे प्रीतीचा अभाव. या मापानें मोजूं लागल्यास पुष्कळ संसारांतूनहि आरोपी निघावे! ज्यूरींत सहा युरोपियन व तीन हिंदी गृहस्थ होते. सहांनीं दोषी ठरविलें, तिघांनीं निर्दोषी. १४ सप्टेंबरला दीड वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. विलायतेंत प्रिव्ही कौन्सिलपुढें अपिलाची परवानगी मागण्यासाठीं जे उभे राहिले, ते अॅस्क्विथ पुढें १९०८ त इंग्लंडचे मुख्य प्रधान झाले. परंतु परवानगी मिळाली नाहीं.

त्याच १९०८ सालीं टिळक पुन्हा पकडले गेले. या वेळीं जामिनासाठीं तरुण बॅरिस्टर महंमदअली जिना उभे राहिले, आणि न्यायासनावर होते न्यायमूर्ति दावर, म्हणजे अकरा वर्षांपूर्वीं याच आरोपीला जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर. जिनांनीं तय्यबजींच्या त्याच हुकुमाचा आधार घेतला. दावरांनीं अर्ज फेटाळला, आणि कारणें देणें टाळलें. वकिलानें पक्षकाराची बाजू मांडली म्हणून तें त्याचें मत ठरत नाहीं, हें खरें. न्यायाधीशाला जुन्या पक्षकाराचें ऋण नसतें, हेंहि खरें. तरी ज्या युक्तिवादानें आपण एकदां जिंकलों त्याला उत्तरादाखल चार शब्दहि न द्यावेत, हें वाचणाऱ्यास खटकल्यावांचून राहत नाहीं.

मग टिळकांनीं आपलें वकीलपत्र आपल्याकडेच ठेवलें. जोसेफ बॅप्टिस्टा, दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे कायदेपंडित साह्यास होते. बोलले मात्र टिळक स्वतः, एकवीस तासांहून अधिक. सरकारी भाषांतरांतील चुका त्यांनीं शब्द धरून दाखविल्या. हें काम परक्या बॅरिस्टराकडून झालें नसतें. पण त्याची किंमतहि पडली. आपल्या बाजूचे कागद त्यांनीं पुराव्यांत दाखल केल्यामुळें शेवटचें भाषण सरकारी वकिलाच्या वांट्यास गेलें. सात युरोपियन व दोन पारशी यांची ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी विभागली, आणि २२ जुलैच्या रात्रीं सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यांत आली. ती मंडालेच्या तुरुंगांत भोगावी लागली.

२३ जुलै १९१६ रोजीं टिळकांची साठी साजरी होत असतां नवी नोटीस आली. बेळगांव व अहमदनगर येथील तीन भाषणांबद्दल जामीन कां घेऊं नये, अशी ती होती. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनें वीस हजारांचा जातमुचलका व दहा दहा हजारांचे दोन जामीन मागितले. या खेपेस टिळकांनीं स्वतः बोलण्याचा आग्रह धरला नाहीं. जिना पुन्हा उभे राहिले. नोकरशाहीवर टीका करणें म्हणजे राजसत्तेविरुद्ध द्वेष पसरविणें नव्हे, हा त्यांचा मुद्दा. भाषणें तुकड्यांनीं नव्हे, समग्र वाचलीं पाहिजेत, असें धोरण न्यायमूर्ति बॅचलर व शहा यांनीं ठेवलें, आणि ९ नोव्हेंबरला मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द झाला. दोन राजद्रोहाच्या खटल्यांत जें मिळालें नव्हतें, तें यश मुंबईच्याच बॅरिस्टरानें मुंबईच्याच कोर्टांत मिळविलें. अर्थात् येथें ज्यूरी नव्हती, ही गोष्टहि विसरतां येत नाहीं.

इतकें होऊनहि शेवटचा मोठा दावा टिळकांनीं लंडनला नेला. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या पुस्तकांतील मजकुराबद्दल ही अब्रुनुकसानीची फिर्याद होती. या वेळीं ते आरोपी नव्हते, फिर्यादी होते. त्यांनीं इंग्लंडांतील अव्वल बॅरिस्टर सर जॉन सायमन यांस दिलें. समोर सर एडवर्ड कार्सन उभे ठाकले. ज्यूरी इंग्रज, आणि पुण्याच्या गल्ल्यांत कधीं पाऊल न टाकलेली. फेब्रुवारी १९१९ मध्यें निकाल विरुद्ध गेला. खर्चाचा आंकडा लाखांच्या घरांत पोंचला, आणि तो भागविण्यासाठीं गांवोगांवच्या लोकांनीं वर्गणी जमविली.