फेफरे, कांदा आणि पायताण

मलकापूर हे विशाळगडच्या जहागिरीचे मुख्य ठाणे असतानाच्या काळी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, शाहूवाडीसारख्या डोंगरी मुलखात फेफरे आलेल्या माणसाच्या नाकाशी फोडलेला कांदा वा पायताण धरण्याची आणि त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबण्याची चाल होती. कारण हा विकार मेंदूचा नसून बाहेरच्या बाधेचा, अशी समजूत दृढ होती. वास्तविक चरकसंहितेने अपस्माराची, म्हणजे फेफऱ्याची, गणना रोगांतच केली होती. पण ग्रंथ वैद्याच्या घरी आणि रोगी देवऋष्याच्या दारी, अशी आपली जुनी वाटणी! मेंदूतील विद्युत्‌क्रियेचा अकस्मात क्षोभ होऊन आलेला झटका बहुधा दोनतीन मिनिटांत आपोआप ओसरतो, आणि कांदा शोधून, फोडून आणीपर्यंत तेवढा अवधी सहज सरत असल्यामुळे श्रेय मात्र कांद्याच्या पदरी पडे. दरम्यान उपचाराच्या आणि शास्त्राच्या वाटा खुल्या होतच होत्या. १८८६ साली आंबा घाटापलीकडे रत्नागिरीस वेड्यांचे इस्पितळ उघडले. मानवी मेंदूतील विद्युल्लहरींचे पहिले आलेखन हान्स बर्गर याने १९२४ साली केले. भूत उतरवण्याच्या मिषाने मारहाण करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरण्यास मात्र महाराष्ट्रात २०१३ साल उजाडावे लागले. तेव्हा कांदा-पायताण सोडून झटका आलेल्यास कुशीवर वळवावे, त्याच्या तोंडात काहीही घालू नये, आणि पाच मिनिटांत तो न थांबल्यास विनाविलंब दवाखाना गाठावा.