तळघरातला काळा विंचू : बगदादच्या एका थ्रॅश मेटल बँडची कहाणी

बगदाद, २००५ चा उन्हाळा. टायग्रिस नदीच्या काठाने जाणाऱ्या अबू नुवास रस्त्यावर अल-फनार नावाचे हॉटेल आहे. जवळच पॅलेस्टाइन हॉटेल. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकी रणगाड्याचा गोळा त्या इमारतीवर आदळला आणि तेथे उतरलेल्या दोन पत्रकारांचा बळी गेला. अशा परिसरात, अल-फनारमध्ये, चार तरुणांनी थ्रॅश मेटलचा कार्यक्रम केला. श्रोते काटेरी तारा, काँक्रीटच्या भिंती आणि तपासणी नाकी ओलांडून आले. शहरात संचारबंदी होती, विजेचा भरवसा नव्हता आणि गर्दी जमेल तेथे बॉम्ब फुटण्याचे ते दिवस होते. तरीही लोक आले, आणि आल्यावर त्यांनी माना झटकत धिंगाणा घातला.

(ज्या अबू नुवासचे नाव या रस्त्याला आहे, तो अब्बासी काळातला कवी. मद्यावरच्या त्याच्या कवितांनी धर्ममार्तंड चिडत, आणि त्यानेही खलिफांचा तुरुंग पाहिला होता. रस्त्याची परंपरा तशी जुनीच म्हणायची.)

बँडचे नाव अक्रासिकाउडा. मध्यपूर्वेच्या वाळवंटात आढळणाऱ्या काळ्या, अतिविषारी विंचवाचे शास्त्रीय नाव 'अँड्रोक्टोनस क्रासिकाउडा'. पहिल्या शब्दाचा अर्थ 'माणसांना मारणारा', दुसऱ्याचा 'जाड शेपटीचा'. त्यावरून हे नाव घेतले गेले. बँडची स्थापना २००१ ची, म्हणजे सद्दाम हुसेनच्या राजवटीतली. पहिला गायक लवकरच देशाबाहेर पडला आणि उरलेल्या चौघांचा संच पक्का झाला : गायन आणि गिटार फैसल तलाल, मुख्य गिटार टोनी अझीझ, बेस फिरास अल-लतीफ आणि ड्रम मारवान रियाद.

आधी 'थ्रॅश' म्हणजे काय, ते थोडक्यात पाहणे इष्ट. १९८० च्या दशकाच्या आरंभी, मुख्यत्वे कॅलिफोर्नियात, हेवी मेटलचा जडपणा आणि पंक संगीताचा वेग यांच्या संकरातून हा प्रकार जन्मला. १९८३ मध्ये मेटॅलिका आणि स्लेयर या दोघांचेही पहिले अल्बम आले. तारा तळहाताने दाबून केलेले गिटारचे तुटक, खणखणीत आघात, दोन्ही पायांनी वाजवला जाणारा बास ड्रम, आणि युद्ध, अणुबॉम्ब, सत्ता, वेड हे गाण्यांचे विषय. सुखवस्तू अमेरिकी उपनगरांतल्या मुलांसाठी युद्ध हा बहुतांशी कल्पनेचा विषय होता. बगदादच्या मुलांना तो खिडकीतून दिसत होता.

या कलेच्या भौतिक गरजा मात्र कल्पनेतल्या नाहीत, आणि या बँडचा सारा इतिहास त्या गरजांभोवती फिरतो. कवीला कागद लपवता येतो, चित्रकाराला कॅनव्हास भिंतीकडे वळवून ठेवता येतो. थ्रॅश मेटलला वीज लागते, जागा लागते, कानठळ्या बसवणारा आवाज लागतो आणि चार माणसे एकाच वेळी एकाच खोलीत लागतात. ड्रम हळू आवाजात वाजवून सराव होत नाही. 'भूमिगत' हा शब्द मेटलच्या दुनियेत एरवी अलंकारिक असतो. अक्रासिकाउडाच्या बाबतीत तो शब्दशः खरा होता, कारण त्यांची सरावाची जागा एका तळघरात होती.

हे संगीत बगदादमध्ये पोहोचले कसे? ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेतवर आक्रमण केले आणि काही दिवसांतच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ द्वारे इराकवर आर्थिक निर्बंध लादले. ते मे २००३ पर्यंत टिकले. औषधांची जेथे टंचाई, तेथे गिटारच्या तारा कोण आयात करणार? पण नक्कल केलेल्या कॅसेट आणि सीडी हातोहाती फिरत राहिल्या. खुद्द सद्दामचा थोरला मुलगा उदय याच्या ताब्यातील 'शबाब' म्हणजे 'युवा' दूरचित्रवाहिनीवर पाश्चात्त्य चित्रपट आणि संगीत दाखवले जाई. राजवट अमेरिकेला शिव्या देत होती आणि राजपुत्राची वाहिनी अमेरिकी करमणूक वाटत होती. या मुलांची इंग्रजी घडली ती असल्याच चित्रपटांवर आणि गाण्यांवर.

कार्यक्रम करायचा तर राजवटीला तिचा वाटा द्यावा लागे. बँडला सद्दामची स्तुती करणारे एक गाणे रचावे लागले. 'इराकचे तरुण' अशा अर्थाचे त्याचे नाव. शिवाय मेटलच्या श्रोत्यांची मान झटकण्याची लकब ज्यूंच्या प्रार्थनेतील डोलण्यासारखी दिसते, म्हणून तिच्यावर बंदी होती. मेटलच्या कार्यक्रमात श्रोत्यांनी मान स्थिर ठेवून बसायचे, म्हणजे भजनात टाळ न वाजवता बसण्यासारखेच.

त्या स्तुतिगीतासाठी या मुलांना दोष देणे सोपे आहे. सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचने १९४९ मध्ये स्टालिनच्या वनीकरण योजनेचा गौरव करणारी रचना केली. तेवढ्यावरून त्याच्या सिंफनी कोणी बाद केलेल्या नाहीत. हुकूमशाहीत स्तुती हा अनेकदा एक कर असतो. तो भरून उरलेल्या वेळात आपले काम करता येते का, हा खरा प्रश्न असतो. आणि अक्रासिकाउडाला मोजके का होईना, कार्यक्रम करता आले.

एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडले. पाश्चात्त्य वृत्तपत्रांना येथून पुढची कथा ठाऊक असल्यासारखे वाटले : हुकूमशहा गेला, आता गिटार मोकळेपणाने वाजणार. सद्दामची स्तुती करण्याची सक्ती संपली, हे खरेच. त्याच मे महिन्यात एक वेगळीच बातमीही आली. सहकार्य न करणाऱ्या इराकी कैद्यांना झोपू न देता खचवण्यासाठी अमेरिकी सैनिक त्यांना तासन् तास मोठ्या आवाजात संगीत ऐकवत होते, आणि त्यात मेटॅलिकाचे 'एंटर सँडमन' होते. ज्या बँडच्या गाण्यांवर अक्रासिकाउडाची मुले वाढली, त्याच बँडचे गाणे त्यांच्या देशबांधवांच्या छळाचे हत्यार झाले होते. लांब केस, इंग्रजी शब्दांचे काळे टी-शर्ट, हनुवटीवरची छोटी दाढी या गोष्टी रस्त्यावर आता 'शत्रूच्या बाजूचा' अशी ओळख सांगू लागल्या. सैतानाचे पूजक, पाश्चात्त्यांचे हस्तक असे आरोप झाले, ठार मारण्याच्या धमक्या आल्या.

येथे 'स्वातंत्र्य' या शब्दाची नीट फोड करावी लागते. २००३ नंतर या चौघांना काहीही गाण्याची मुभा होती. पण एकत्र जमण्याची सोय उरली नव्हती. गिटार घेऊन तळघरापर्यंत जायचे म्हणजे सैनिकांची नाकी, सशस्त्र टोळ्यांची नाकी आणि रस्त्याकडेचे बॉम्ब. लांबट काळी पेटी हातात असलेला तरुण दुरून कसा दिसतो, याची कल्पना करावी. विजेचे तास बोटांवर मोजण्यासारखे. सद्दामच्या काळात शब्दांवर पहारा होता. आता शब्द मोकळे होते, रस्ता बंद होता. आविष्कारस्वातंत्र्याच्या चर्चेत आपण सहसा शब्दांचाच विचार करतो, रस्त्याचा करत नाही.

अल-फनारचा तो कार्यक्रम या पार्श्वभूमीवर पाहावा. 'व्हाइस' या मासिकाने या बँडविषयी आधी लिहिले होते. त्या कार्यक्रमासाठीही त्याच मंडळींचे साहाय्य होते. वर्ष उलटण्यापूर्वी, २२ फेब्रुवारी २००६ रोजी, सामर्रा येथील अल-अस्करी या शियांच्या पवित्र स्थळाचा सोनेरी घुमट स्फोटाने उद्ध्वस्त झाला आणि सुन्नी-शिया हिंसाचाराला धरबंध उरला नाही. त्या वर्षी 'व्हाइस'चे सुरूश अल्वी आणि एडी मोरेट्टी बुलेटप्रूफ गाड्या आणि बंदूकधारी रक्षक घेऊन बगदादला आले, तेव्हा त्यांना तेथे भेटले ते फैसल आणि फिरास. बाकीचे दोघे सीरियाला निघून गेले होते. पुढे तळघरही हल्ल्यात नष्ट झाले आणि वाद्ये गेली.

दमास्कसमध्ये चौघे पुन्हा एकत्र आले. हे शहर तेव्हा इराकी निर्वासितांनी भरून गेले होते. २००७ पर्यंत सुमारे वीस लाख इराकी देशाबाहेर होते आणि त्यांतला सर्वांत मोठा हिस्सा सीरियात होता, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे अंदाज सांगत होते. ज्या सीरियातून पुढे लाखो लोक पळाले, तो काही वर्षांपूर्वी स्वतःच शेजाऱ्यांचा आसरा होता, हे आज सहज विसरले जाते. तेथे बँडने एक छोटा कार्यक्रम केला आणि एका स्टुडिओत तीन गाणी ध्वनिमुद्रित केली. भाडे थकले तेव्हा वाद्ये विकली. गिटार विकून गिटारवादक म्हणून जगायची वेळ आली होती.

अल्वी आणि मोरेट्टी यांचा 'हेवी मेटल इन बगदाद' हा माहितीपट सप्टेंबर २००७ मध्ये टोरंटोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. माहितीपटाचे नायक तेव्हा दमास्कसमध्ये होते. पुढच्याच महिन्यात, १ ऑक्टोबरपासून, सीरियाने इराकी नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. बगदादला परतणे म्हणजे मृत्यूशी गाठ. आणि आता तर सारे जग त्यांना चेहऱ्याने ओळखत होते. माहितीपटाने त्यांना नाव दिले, तसा धोकाही वाढवला. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, आणि 'व्हाइस'वाल्यांनी ते बहुधा ओळखले होते. कारण त्यांनी लोकवर्गणी सुरू केली आणि त्या पैशातून चौघांना तुर्कस्तानला हलवण्यात आले.

तुर्कस्तान हा मुक्काम नव्हता, प्रतीक्षालय होते. निर्वासितांविषयीचा १९५१ चा करार तुर्कस्तानने एक अट ठेवून स्वीकारला आहे : निर्वासिताचा पूर्ण दर्जा फक्त युरोपातून आलेल्यांनाच. इराकी माणसाने तेथे थांबायचे ते तिसरा एखादा देश स्वीकारेपर्यंत. तिसरा देश म्हणून अमेरिकेकडे पाहावे, तर तिने २००७ च्या आर्थिक वर्षात जेमतेम १,६०० इराकी निर्वासितांना प्रवेश दिला होता. वीस लाखांपैकी १,६००! टीका वाढल्यावर पुढच्या वर्षी हा आकडा तेरा हजारांपलीकडे गेला. २००९ च्या सुरुवातीपर्यंत बँडची मंडळी न्यू जर्सीत दाखल झाली. फेब्रुवारीच्या आरंभी नेवार्क शहरात मेटॅलिकाचा कार्यक्रम होता. रंगमंचामागे जेम्स हेटफिल्डने त्यांना आपली काळी गिटार स्वाक्षरी करून भेट दिली. तिच्यावर अमेरिकेत स्वागत असल्याचे दोन-तीन शब्द लिहिलेले होते.

मार्च २०१० मध्ये त्यांची पहिली अधिकृत तबकडी निघाली, तीही फक्त चार गाण्यांची. निर्माता 'टेस्टामेंट' या नामांकित थ्रॅश बँडचा गिटारवादक अ‍ॅलेक्स स्कोलनिक. शीर्षकाचा अर्थ : युद्धाचा शेवट केवळ मृतांनाच दिसतो. हे वचन सर्रास प्लेटोच्या नावावर खपवले जाते. जनरल मॅकआर्थरने १९६२ च्या वेस्ट पॉइंटच्या भाषणात तसे म्हटले आणि 'ब्लॅक हॉक डाउन' चित्रपटाने पडद्यावरही तसेच छापले. प्लेटोच्या उपलब्ध संवादांत ते कोठेही नाही. ते आढळते जॉर्ज सांतायाना या तत्त्वज्ञाच्या १९२२ च्या पुस्तकात, पहिले महायुद्ध नुकतेच संपल्यावरच्या लेखनात. सेनापती आणि हॉलीवूड यांनी ग्रीक समजून वापरलेले वाक्य बगदादच्या मुलांनी उचलले. त्यांच्यापाशी त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार अधिक होता, असे म्हणण्यास हरकत नसावी.

स्थापनेपासून पहिल्या तबकडीपर्यंत नऊ वर्षे, चार देश आणि चार गाणी. समीक्षकांनी बहुधा कहाणीचे कौतुक केले, संगीताविषयी कमी लिहिले. हा अन्याय थोडासा अपरिहार्य होता, पण अन्यायच. कारण त्या गाण्यांत अरबी वळणाचे सूर आणि ताल थ्रॅशच्या वेगात मिसळण्याचा जो प्रयत्न आहे, तो कहाणी बाजूला ठेवूनही ऐकण्याजोगा आहे.

पूर्ण लांबीचा अल्बम यायला २०१५ चा एप्रिल उजाडला. तोपर्यंत मूळ संचही बदलला होता. पैसा 'किकस्टार्टर'वर चाहत्यांनी उभा केला. या वेळी विषय सद्दाम नव्हता, अमेरिका नव्हती. अल्बमचे नाव होते 'गिल्गमेश', दक्षिण इराकमधील उरुक नगराच्या राजाचे. त्या महाकाव्याच्या सर्वांत प्रसिद्ध मातीच्या पाट्या निनेवेच्या अवशेषांत सापडल्या, आणि निनेवे म्हणजे आजच्या मोसूलचा पूर्व काठ. अल्बम येण्याच्या जेमतेम दोन महिने आधी त्याच मोसूलच्या संग्रहालयात आयसिसचे लोक हातोडे घेऊन शिरले होते.