औंस, शेर आणि औषधाची बाटली

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, मिलिलिटरचे औंस कसे करायचे? आम्ही पटकन सांगून टाकलं, तीसनं भागा. घरी जाताना लक्षात आलं की कोणता औंस, हे आपण विचारलंच नाही.

औंस वजनाचाही असतो आणि द्रवाचाही. घनसावंगीतल्या जुन्या माणसांना हे समजावून सांगायला नको. त्यांच्याकडे शेर दोन होते. ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर, म्हणजे साधारण 933 ग्रॅम. आणि धान्य मापायचा कैली शेर, जो भांड्यात भरायचा. नाव एक, वस्तू दोन. इंग्रजांचंही तेच झालं. 1824 च्या कायद्यानं त्यांनी दहा पौंड पाणी मावेल तो गॅलन ठरवला आणि त्याचे 160 भाग केले. दहा पौंडांचे औंसही 160च! म्हणजे एक द्रव औंस पाणी तराजूत घातलं की एक औंसच भरतं. हा औंस 28.41 मिलिलिटरचा.

अमेरिकेनं मात्र तो कायदा घेतला नाही. ती राणी ॲनच्या काळातल्या, 1707 च्या दारूच्या गॅलनवरच राहिली. तो गॅलन लहान, पण त्याचे भाग 128च केले, म्हणून औंस उलट मोठा झाला: 29.57. अर्धा लिटर पाणी इंग्रजी हिशेबानं 17.6 औंस, अमेरिकी हिशेबानं 16.9. अमेरिकेत नातवाला भेटायला गेलेल्यांनी पाण्याच्या बाटलीवर हा 16.9 आकडा पाहिला असेल. आणि आमचा तीस? तोही अगदीच खोटा नाही. खाद्यपदार्थांच्या लेबलवर अमेरिकी सरकार औंस 30 मिलिलिटरचाच धरतं. बाळाच्या दुधाच्या बाटलीवर 8 औंसांसमोर 240 असतं ते या हिशेबानं.

आपल्याकडे 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला. त्याच साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. 1957 ला नवे पैसे, 1958 पासून टप्प्याटप्प्यानं किलो. घनसावंगी तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होती. बाजारात शेर बरीच वर्षं रेंगाळला. घासाघीस करून दोघं समजून घ्यायचे. दवाखान्यात घासाघीस चालत नाही. कंपाउंडर मिक्स्चरच्या बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवायचा, एका दात्याला एक डोस. तोवर ठीक होतं.

घोटाळा झाला तो ड्रामचा. औंसाचा आठवा भाग ड्राम, म्हणजे 3.55 मिलिलिटर. घरोघरी समज असा, की ड्राम म्हणजे चहाचा चमचा. आमच्या घरी धाकट्या भावाच्या खोकल्याची जुनी चिठ्ठी होती, दोन ड्रामची. औषध गुंगीचं. पुढे घरात पाच मिलिलिटरचा मापाचा चमचा आला आणि आईनं चिठ्ठी पाहून बिनचूक दोन चमचे दिले. सातच्या जागी दहा मिलिलिटर गेलं. भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाही. आई त्याच्या नाकाशी बोट धरून बसून राहिली होती, आणि आम्ही दाराशी उभे.