गॅल्व्हेस्टन : भिंत आणि भिंतीमागची जमीन

किनाऱ्यावरील शहराचे वादळापासून रक्षण कसे करावे, असे विचारले की बहुतेक उत्तरपत्रिकांत भिंतीची आकृती असते. आकृती चूक नसते, अपुरी असते. गॅल्व्हेस्टनचा इतिहास वाचताना म्हणूनच भिंतीच्या मागे काय आहे तेही पाहा.

गॅल्व्हेस्टन हे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील, एका अरुंद वाळूच्या बेटावरील बंदर. दक्षिणेला मेक्सिकोचे आखात, उत्तरेला उपसागर. कापसाच्या निर्यातीवर शहर श्रीमंत झाले होते, पण तेथील सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून ९ फुटांहून कमी होती. याच किनाऱ्यावरील इंडियानोला हे बंदर १८७५ आणि १८८६ च्या वादळांनी उद्ध्वस्त केले. त्यानंतर गॅल्व्हेस्टनमध्ये भिंतीची चर्चा झाली. भिंत मात्र झाली नाही. स्थानिक हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये वृत्तपत्रात लिहिले की, शहराला वादळाचा गंभीर धोका असल्याची भीती निराधार आहे. किनाऱ्याचा उथळ तळ आपल्याला वाचवील, असा समज तेव्हा होता. उथळ तळावर लाटा फुटतात हे खरे. पण चक्रीवादळाचा वारा समुद्राचे पाणीच किनाऱ्याकडे लोटतो, आणि तळ उथळ असेल तर ते अधिक उंच चढते. परीक्षेसाठी नव्हे, पण हा फरक लक्षात ठेवा.

८ सप्टेंबर १९०० रोजी पाणी १५ फुटांहून वर चढले. किमान ६,००० माणसे गेली. बहुतेक इतिहासकार ८,००० हा आकडा धरतात. मृतांत क्लाइन यांच्या पत्नीही होत्या.

पुढे तीन अभियंत्यांचे मंडळ नेमले गेले. त्यांतले हेन्री रॉबर्ट हे सैन्यातील निवृत्त अभियंता. सभासंचालनाच्या नियमांचे प्रसिद्ध पुस्तक लिहिणारे रॉबर्ट ते हेच. १९०२ ते १९०४ मध्ये तीन मैलांहून लांब काँक्रीटची भिंत उभी राहिली : उंची १७ फूट, पायाशी रुंदी १६ फूट, माथ्यावर ५ फूट. समुद्राकडील बाजू अंतर्वक्र ठेवली, म्हणजे लाट वर फेकली जाते. पायथ्याशी मोठे दगड टाकले.

मला स्वतःला याहून मोठे वाटते ते दुसरे काम, आणि त्याचे छायाचित्र क्वचितच कोणी लावते. मंडळाने सांगितले की शहरच उचला. भिंतीमागे जमीन सर्वांत उंच ठेवून तिला उपसागराकडे उतार द्यायचा, म्हणजे भिंतीला मागून आधार मिळतो आणि वरून आलेले पाणी वाहून जाते. २,००० हून अधिक इमारती स्क्रू-जॅकवर उचलल्या गेल्या. सेंट पॅट्रिक चर्चचे वजन सुमारे ३,००० टन होते. त्याखाली शेकडो जॅक लावून ते पाच फूट वर घेतले. शहरातून कालवा खोदला, ड्रेजर त्यातून आत आले आणि वाळूमिश्रित पाणी घरांखाली पंपाने सोडले. पाणी निघून जाई, वाळू राही. नळ, गटारे, गॅसच्या नळ्या सगळे वर घ्यावे लागले. खाऱ्या भरावाने झाडे मेली. लोक वर्षानुवर्षे फळ्यांच्या पुलांवरून ये-जा करीत. भरावाचा खर्च सार्वजनिक होता, पण आपले घर उचलण्याचा खर्च मालकाचा. हे काम १९११ पर्यंत चालले.

१९१५ मध्ये तसेच जबर वादळ आले. घरांचे नुकसान झाले, पण १९०० च्या तुलनेत शहरातील मृत्यू अगदी थोडे होते. व्यापार मात्र परतला नाही. १९१४ मध्ये खुल्या झालेल्या जहाजमार्गाने तो आत ह्यूस्टनकडे नेला. भिंतीपुढची वाळूही लाटांनी ओढून नेली, पुळण टिकवण्यासाठी वाळू आणून टाकावी लागली.

भिंत पुढे दहा मैलांपर्यंत वाढली, पण तिचे तोंड आखाताकडेच. सप्टेंबर २००८ मध्ये आइक वादळात पाणी मागून, उपसागराकडून शहरात शिरले. नेमके त्या उतरत्या बाजूने. आता उपसागराच्या तोंडाशी प्रचंड दरवाजे आणि शहराच्या मागल्या बाजूने बांध अशी योजना आहे. अमेरिकी संसदेने तिला २०२२ मध्ये मान्यता दिली.