‘शोध कुणी लावला?’ एवढ्यावर थांबू नका: एईडी आणि कडेगाव

संशोधनाचा प्रश्न कसा निवडायचा, हे आज एका उदाहरणातून बघू. समजा, तुम्हाला एईडीचा इतिहास लिहायचाय. हृदय अचानक बंद पडलं की छातीला दोन पॅड चिकटवून विजेचा झटका देणारं हे यंत्र. पहिला प्रश्न सुचतो, ‘शोध कुणी लावला?’ प्रश्न चूक नाही, पण अपुरा आहे.

आधी एक घोळ मिटवू. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपिंगच थांबणं. अरेस्टमध्ये अनेकदा हृदय नुसतं थरथरत असतं. झटक्याने ती थरथर थांबते आणि हृदयाला पुन्हा लय पकडायची संधी मिळते.

आता तारखा बघा. १९४७ साली क्लीव्हलँडमध्ये क्लॉड बेक यांनी १४ वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयाला झटका देऊन त्याला वाचवलं. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता झटका देता येतो, हे दाखवलं. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या कौवेनहोवेन आणि सहकाऱ्यांनी छाती दाबण्याची पद्धत मांडली. पुढे बेलफास्टचे डॉ. पँट्रिज यांनी सुमारे ७० किलोचं यंत्र अँब्युलन्समध्ये चढवलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी झटका द्यायचा की नाही, हे स्वतःच ओळखणारं यंत्र आलं. तेच एईडी.

हीच यादी आता ‘यंत्र कुणाच्या हातात होतं?’ असं विचारून वाचा. आधी सर्जन, मग डॉक्टर, मग अँब्युलन्स, शेवटी कुणीही. २००० साली अमेरिकेतल्या कॅसिनोंमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे झटका देणारे होते सुरक्षारक्षक. लोकांदेखत कोसळलेल्या ज्या रुग्णांना ३ मिनिटांच्या आत झटका मिळाला, त्यांच्यातले ७४ टक्के वाचले. उशीर झालेल्यांतले ४९ टक्के.

पण हे आकडे उचलून थेट कडेगावला लावू नका! कॅसिनोत कॅमेरे असतात, शिकवलेले रक्षक असतात, यंत्र जवळ असतं. आपल्याकडे मोहरमला गगनचुंबी ताबुतांच्या भेटी बघायला गर्दी लोटते. त्या गर्दीत कुणी कोसळलं तर? महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, पण गाडीला रस्ता कापावाच लागतो. छाती दाबली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून माणूस प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करा, एईडी मागवा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबत राहा. एईडी आलं की सुरू करा. पुढच्या सूचना ते बोलून देतं.

तर खरा प्रश्न असा: कडेगावात हे यंत्र कुणाच्या हातापर्यंत पोचलं? साधनं जवळच आहेत. सरकारी दवाखान्याचं डेडस्टॉक रजिस्टर परवानगी घेऊन बघा: यंत्राची नोंद आहे का, कोणत्या वर्षाची? पॅड आणि बॅटरीची मुदत तपासली जाते का? मग ताबूत उचलणाऱ्यांशी, बाजारातल्या दुकानदारांशी बोला. ‘समोर कुणी पडलं तर तुम्ही हात लावाल का?’ असं विचारा. ‘नाही’ म्हणाले तर का, तेही लिहून घ्या. रजिस्टरमध्ये ते कारण सापडणार नाही.