तळटीप १४ : महालक्ष्मीचा लिलाव
१४. महालक्ष्मीचा लिलाव : मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवत असलेला थरोब्रेड शिंगरांचा लिलाव. रीत लंडनची. तिथे रिचर्ड टॅटरसॉलने १७६६ मध्ये घोडेविक्रीची पेढी काढली. तिची बोली गिनीत, म्हणजे २१ शिलिंगांच्या हिशोबाने लागे. लेखकाची ‘गिनी’ हीच, सराफाकडची नव्हे. शिंगरू रिंगणात फिरवायचे, बोली चढवायची, हातोडा पडला की सौदा पक्का. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवणाऱ्या आपल्या जनावरबाजाराच्या हे अगदी उलट. लिलाव थरोब्रेडांचा असला, तरी एकोणिसाव्या शतकात मुंबईत अरबी घोड्यांचा बोलबाला होता. ते इराणी आखातातून जहाजांनी येत आणि भेंडी बाजाराकडच्या अरब व्यापाऱ्यांच्या तबेल्यांत विकले जात. पुढे येणारे ‘अरबांचे तबेले’ ते हेच.