भिंतीचें पावसाळी पांघरूण

खारेपाटणाचें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे तें तेथें सांपडलेल्या ताम्रपटांमुळें. शिलाहार रट्टराजाचा पट शके 930, म्हणजे इ. स. 1008, मधील ज्येष्ठी पौर्णिमेचा. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनीं तो विद्वानांपुढें मांडला. पुढें कीलहॉर्न यांनीं त्याचें चिकित्सक संपादन केलें. देवालयास दिलेलीं गांवें, परदेशांहून येणाऱ्या गलबतांवरील सुवर्णाचा कर, सेवेसाठीं नेमलेलीं तेली, माळी, कुंभार, परीट यांचीं कुटुंबें, हें सारें त्यांत नोंदलेलें आहे. पण ज्येष्ठी पौर्णिमा म्हणजे कोंकणांत पाऊस दाराशीं आलेला. त्या दिवसांत घरोघर जी धांदल चालली असावी असें आम्हांस वाटतें, तिचा मात्र त्यांत शब्दहि नाहीं. असावा तरी कां? राजे दानें लिहून ठेवतात. भिंतीला झांप बांधल्याचें कोण लिहितो?

घाटावरील वाचकांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. येथील पाऊस वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक, आणि तोहि सरळ पडत नाहीं. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. मातीची भिंत त्या झडीपुढें विरघळते, आणि जांभ्याचा चिरा सच्छिद्र असल्यामुळें पाणी पितो. म्हणून वैशाखांतच माडाचीं चुडतें पाण्यांत भिजत घालीत, दांडा मधोमध चिरीत आणि पातीं एकाआड एक गुंफून झांप विणीत. भिंतीपासून वीतभर अंतरावर बांबूचा सांगाडा उभारून त्यावर ते सुंभानें बांधीत. आरंभ तळापासून, म्हणजे वरची रांग खालचीवर चढे आणि पाणी भिंतीकडे न वळतां निथळून जाई. ह्यास सुतार लागत नसे कीं गवंडी लागत नसे; घरच्याच माणसांचें तें काम. दिवाळी झाली कीं तेच झांप न्हाणीच्या चुलींत जात. जी वस्तु दर वर्षीं जळून राख होते, तिचा माग पुराणवस्तुसंशोधकास लागावा कसा? नाशिकच्या लेण्यांत उषवदातानें दिलेल्या नारळीच्या झाडांचा उल्लेख आहे. त्यांच्या झावळ्यांचें पुढें काय झालें, हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं.

1829 सालीं लंडनमध्यें पन्हळी पत्र्याचें पेटंट निघालें, 1865 सालीं मंगळुरास बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला. छपरें पालटलीं, भिंतीचे झांप मात्र पुष्कळ काळ टिकून राहिले. त्यांस हटविलें तें प्लॅस्टिकनें, आणि ह्या पापांत आमचाहि वांटा आहे.

खाडीकाठच्या आमच्या वडिलोपार्जित घराची पश्चिमेची भिंत मातीची. दर वर्षींची ही यातायात कशाला, असें म्हणून आम्हीं बाजारांतून प्लॅस्टिकचे तक्ते आणले आणि स्वहस्तें, मोठ्या अभिमानानें, भिंतीस घट्ट चिकटवून ठोकले. दोन पावसाळे भिंत बाहेरून ठणठणीत दिसली. तिसऱ्या वर्षीं आंतल्या गिलाव्यास पोपडे धरले. एक तक्ता उचकटला तों मागें वाळवी, आणि माती लोण्यासारखी हातांत आली. शेजारच्या वृद्ध काकू हें पाहत उभ्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "भिंतीक वारो नको काय ओ?"

आवरण आणि भिंत यांच्यामध्यें हवा खेळती पाहिजे, हें तत्त्व नॉर्वेसारख्या पावसाळी देशांतील स्थापत्यज्ञांनीं विसाव्या शतकांत प्रयोगांनीं अभ्यासिलें. त्यांचें लेखन आमच्या वाचनांत होतें. तें वाचीत असतां घरच्या सांगाड्याची ती वीतभर मोकळी जागा आम्हांस आठवूं नये, ही आमच्या विद्येची थोरवी!

भिंत डागडुजून घेतली. यंदा झांपच बांधावयाचे असें ठरविलें, तर विणणारें कोणी मिळेना. अखेर काकूंनींच ओटीवर बसून चार झांप विणून दिले. पांचवा आम्हीं विणला. तो वांकडा झाला, पण बांधला.